एका नावाची माफी

धाकटी जेवायला येणार नाही, असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. तिची खुर्चीसुद्धा मांडलेली नव्हती. घंटा वाजली, मधलीने दार उघडलं, तर बाहेर तीच उभी. बेकरीतून थेट आली होती. बाहीवर पीठ तसंच होतं.

"आले मी," ती म्हणाली. "आईंनी बोलावलं होतं ना?"

बोलावलं होतं हे खरं. थोरला तुरुंगातून सुटून येणार म्हटल्यावर म्हातारीने मधली लेक आणि जावई, दोन्ही सुना, सगळ्यांना जेवायला सांगितलं होतं. धाकट्या सुनेने त्या बोलावण्याचा मान राखून घरीच बसावं, एवढीच सगळ्यांची अपेक्षा होती. कारण तिचा नवरा अजून आतच होता.

दोघे भाऊ एकाच गुन्ह्यात गेले होते. वडिलांनी एका होडीवर सुरू केलेला धंदा थोरल्याने तीन फेरीबोटींवर नेला. मालक तो, आणि मोठ्या बोटीचा कप्तान धाकटा. खवळलेल्या पाण्यात, बसतील त्याच्या दुप्पट माणसं घेऊन बोट निघाली आणि खाडीच्या मध्यावर कलंडली. एकेचाळीस माणसं बुडाली. कप्तान पोहून वाचला, तर तोही त्याचा गुन्हाच झाला. दोघांना दहा-दहा वर्षं लागली, दोन वेगळ्या तुरुंगांत. मग राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज गेला. अर्जावर नावं दोन होती. माफी आली एका नावाची.

मधलीने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. सगळे थोडे थोडे सरकले आणि धाकटीला थोरल्याच्या बरोबर समोर जागा झाली.

थोरला वडिलांच्या खुर्चीत बसला होता. सदरा खांद्यावरून उतरत होता. ताटाभोवती डावा हात वळवून, कोणी ओढून नेईल अशा धास्तीने तो भराभर जेवत होता. धाकटी त्या हाताकडे बघत राहिली. आपला माणूसही आता असाच जेवत असेल. तीन वर्षं ती त्याला फक्त काचेपलीकडून बघत आली होती. भेटीच्या वेळी जेवायला देत नाहीत.

"घे ना," आई तिला म्हणाली. "मासा घे."

"घेते."

मग कोणीच काही बोलेना. असा अबोला आईला सोसत नसे.

"जावईबापू," तिने विचारलं, "उद्या दुसरा राष्ट्राध्यक्ष आला, तर ह्याला परत धरून नेतील का?"

मधलीचा नवरा वकील होता. त्या अर्जासाठी दोन वर्षं त्याने चपला झिजवल्या होत्या, घरचाच म्हणून फी घेतली नव्हती, आणि आज सकाळपासून त्याचं कौतुक कोणी केलं नव्हतं. कायद्याचं काही विचारलं की तो खुलायचा. त्याने चमचा खाली ठेवला.

"नाही, आई. एकदा दिलेली माफी आताच्या राष्ट्राध्यक्षांनाही मागे घेता येत नाही आणि पुढच्यांनाही नाही."

"आणि कोर्टाने म्हटलं, का दिलीत?"

"कोर्टाने ते विचारायचंच नाही. राष्ट्राध्यक्षांना कारण द्यावं लागत नाही. मनात आलं, दिली."

"अगंबाई. मग देवापेक्षा सोपं म्हणायचं," आई म्हणाली. "देवाला निदान नवस बोलावा लागतो."

मधली हसली. थोरल्याने पहिल्यांदाच ताटातून मान वर केली.

"बोटींचा परवाना परत मिळेल?"

"तो नाही मिळणार, दादा. माफी शिक्षेची आहे. परवाना बंदर खात्याचा, तो गेला तो गेलाच. भरपाईचे दावेही चालूच राहणार. बुडालेल्यांच्या घरच्यांचं जे देणं आहे, ते राष्ट्राध्यक्षांच्या खिशातलं नाही, मग ते कसं सोडतील? आणि इथून पुढे काही केलंत, तर तेही ह्यात बसत नाही. माफी झालेल्या गुन्ह्याची असते."

"पुढे काय करणार आहे तो?" आई चिडली. "मी झालेल्याचंच विचारतेय."

"झालेलं पुसलं गेलं, आई. तुम्ही निर्धास्त राहा. अहो, उद्या दादा भर चौकात उभे राहून ओरडले, की बोट मीच सोडायला लावली, तरी पोलिसाला त्यांच्या अंगाला हात लावता येणार नाही!"

बोलून झाल्यावर ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं. बायकोचा पाय टेबलाखालून त्याच्या पायावर येईपर्यंत उशीर झाला होता.

धाकटीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग ओरडू देत ना," ती म्हणाली.

"हे बघ..." मधलीने सुरुवात केली.

"चौकात नको. कोर्टात बोलू देत. ह्यांचं अपील सोमवारी आहे." धाकटीचा आवाज चढला नव्हता. ती वकिलाकडेच बघत होती. "त्या सकाळी मी तिकीट खिडकीवर होते. पाणी बघून ह्यांनी मला खिडकी बंद करायला लावली. दादांनी फोन करून उघडायला लावली, आणि बोट निघालीच पाहिजे म्हणून ह्यांना दटावलं. हे मी खटल्यात सांगितलं. कप्तानाची बायको दुसरं काय बोलणार, म्हणून ते सोडून दिलं. दादा तेव्हा गप्प बसले. आरोपीला गप्प बसायचा हक्क असतो, हे तुम्हीच मला समजावलं होतं, वकीलसाहेब. बरं. आता दादा आरोपी नाहीत. आता त्यांना तो हक्क आहे का?"

वकिलाला सहज म्हणता आलं असतं, की हे इतकं सरळ नसतं, बघावं लागेल. अशिलांना तो दिवसातून दहादा असं म्हणायचा. पण समोरची बाई बरोबर बोलत होती आणि तिने ते त्याच्याच तोंडून शिकून घेतलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "ज्याला शिक्षेची भीती उरली नाही, त्याला गप्प बसायचा हक्कही उरत नाही. साक्षीला बोलावलं तर जावं लागेल. शपथ घेऊन खोटं बोलले, तर तो नवा गुन्हा. त्याला ही माफी चालत नाही."

"भाऊजी," थोरला हळूच म्हणाला, "तुम्ही माझे वकील ना?"

"अर्ज मी दोघांचा केला होता, दादा."

थोरल्याने ताट पुढे सरकवलं. "ठीक आहे. मी जाईन कोर्टात आणि सांगेन की हो, मी सोडायला लावली. मग ती माणसं पुढचं विचारतील. तुम्हाला कोणी लावली? तेव्हा काय सांगू?"

ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी पलीकडच्या काठावर मंत्र्याची सभा होती. मैदान भरेना, म्हणून मंत्र्याच्या माणसाचा फोन आला होता. नव्या धक्क्याचं कंत्राट त्याच माणसाच्या हातात होतं.

"माफी मागे घेता येत नाही म्हणाले ना वकीलसाहेब?" धाकटी म्हणाली.

"माफी नाही घेता येत. बाकी सगळं घेता येतं. हे घर घेता येतं. भाऊजींची वकिली घेता येते. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का?"

"पाण्यात कोण राहिलं, ते सगळ्या गावाला माहीत आहे, दादा."

"पुरे!" आईने टेबलावर हात आपटला. "तो बोलणार नाही. तीन वर्षांनी माझा एक मुलगा ह्या खुर्चीत बसलाय. त्याला परत त्या भानगडीत ढकलू देणार नाही मी."

"आई, तेही तुमचेच ना?"

"दोन्ही डोळे माझेच. एक गेला म्हणून दुसरा कोणी फोडून घेत नाही."

"गेलेले नाहीत ते. तुरुंगात आहेत. बस जाते तिथे. तुम्ही एकदाही आला नाहीत."

"माझे गुडघे तुला माहीत आहेत."

"दादांना भेटायला दर महिन्याला जात होता. त्या तुरुंगाला पायऱ्या नसतील."

मधली म्हणाली, "अशी कशी बोलतेस गं आईला?" पण आवाजात जोर नव्हता. धाकट्याला तिने कडेवर खेळवलं होतं, आणि तीही त्याला भेटायला गेली नव्हती. नवऱ्याच्या वकिलीला बरं दिसणार नाही, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

थोरली सून इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात मडक्यासारखा मोठा वाडगा, त्यातली आमटी थंड होत चाललेली. तिच्या नवऱ्याचा आज दिवस होता. तिने बोलावं असं कोणी तिच्याकडे बघितलंही नाही.

"मागच्या गल्लीत एक बाई राहते," ती म्हणाली. "दोन मुली गेल्या तिच्या, त्या बोटीत. रोज सकाळी दुधाच्या रांगेत माझ्या मागे किंवा पुढे असते. कधी एक शब्द बोलली नाही. काल बोलली. म्हणाली, माफी झाली म्हणे? मी म्हटलं, हो. म्हणाली, कोणी केली? मी म्हटलं, राष्ट्राध्यक्षांनी. तर म्हणाली, त्यांचं कोण बुडालं होतं?"

वाडगा तिने छातीशी धरला.

"काय सांगायचं होतं मी तिला?" तिने नवऱ्याकडे बघितलं. "अहो, बोला तुम्ही. कोर्टात जा आणि जे झालं ते बोला. घर गेलं तर भाड्याच्या खोलीत राहू. मी कामाला जाईन."

"तूसुद्धा?" आई म्हणाली. "कोणाच्या घरचं खातेस?"

"आई, हे आत होते तेव्हा माझ्या शिवणाचं खात होतो आपण दोघी."

धाकटी उठली. मासा ताटात तसाच होता. जाताना ती थोरलीजवळ थांबली, तिच्या हातातला वाडगा घेऊन टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

*

संध्याकाळी खोलीत थोरला पलंगाच्या कडेवर बसून होता. थोरली त्याचे जुने सदरे शिवणीतून आत घेत होती.

"मी त्याला मारायला नव्हतो पाठवत," तो म्हणाला. "वाटलं, जाईल. तो कसल्याही पाण्यात बोट काढायचा. लहानपणापासून."

"माहीत आहे मला."

"तो नाहीच म्हणत होता. मी म्हटलं, बोट तुझी का माझी?"

थोरलीची सुई थांबली. हे वाक्य तिने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

"हेच सांगा," ती म्हणाली. "एवढंच सांगा. मंत्र्याचं नाव नका घेऊ हवं तर. पण हे वाक्य सांगा. तो सुटेल."

थोरल्याने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीत कोणीतरी गालिचा झटकत होतं.

"सांगेन," तो शेवटी म्हणाला.

तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी चष्मा लावलेला एक गृहस्थ येऊन त्याच्याशी जिन्यात बोलून गेला, तरीही ठेवला. रविवारी त्याने आईच्या खोलीत बसून चहा घेतला आणि बाहेर आला तेव्हा तिच्या नजरेला नजर दिली नाही, तरीही ठेवला. कोर्टात जायला तिने त्याला अंगाबरोबर बसणारा सदरा दिला.

*

वकिलाने दोन्ही भावांचं वकीलपत्र सोडलं होतं. अपिलात धाकटीने एक वकीलबाई केल्या होत्या. तो नुसता मागच्या बाकावर बसायला आला. पहिल्या बाकावर आई होती. कोर्टाचा जिना ती मधलीच्या हाताला धरून चढून आली होती. गुडघ्यांचं तिने नाव काढलं नाही.

धाकटा दोन शिपायांच्या मधे बसला होता. केस पांढरे झाले होते. भावाला पिंजऱ्यात चढताना बघून त्याने ओळखीची मान हलवली, घाटावर लांबून दिसल्यावर हलवायचा तशी.

"त्या सकाळी तुम्ही तिकीट खिडकीवर फोन केला होता?" वकीलबाईंनी विचारलं.

थोरल्याने ओठ ओले केले. "आठवत नाही."

"कप्तानाने बोट काढायला नकार दिला होता?"

"आठवत नाही."

"नकार दिल्यावर तुम्ही त्याला काय म्हणालात?"

थोरली बाकावर पुढे सरकून बसली. तिचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते.

"मला आठवत नाही."

मागच्या बाकावर वकिलाने डोळे मिटून घेतले. खोटं बोलला असता, तर पकडता आला असता. खरं बोलला असता, तर भाऊ सुटला असता. आठवत नाही म्हणणाऱ्याचं डोकं फोडून आत कोणाला बघता येतं? हे उत्तर आपण शिकवलेलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्याचंही त्याला समाधान वाटेना.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "एकेचाळीस माणसं गेली, त्या दिवसाचं तुम्हाला काय आठवतं?"

थोरल्याने पहिल्या बाकाकडे बघितलं. आई त्याच्याकडेच बघत होती.

"पाणी खवळलेलं होतं," तो म्हणाला.

थोरली उठली. सगळ्या कोर्टासमोर, चपलांचा आवाज करत ती बाकांच्या रांगेतून पलीकडे गेली आणि धाकटीच्या शेजारी जाऊन बसली. आईने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर अपील फेटाळलं गेलं. मालकाने दबाव आणल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, सबब बोट सोडण्याची जबाबदारी कप्तानाची. शिक्षा कायम.

बाहेर बोळात शिपायांनी धाकट्याला भिंतीशी उभं केलं होतं. गाडी लागायला वेळ होता. धाकटी आणि थोरली वकीलबाईंशी बोलत जिन्याशी थांबल्या होत्या. थोरल्याला खाली जायला दुसरी वाट नव्हती.

"दादा," धाकट्याने हाक मारली.

शिपायांनी एकमेकांकडे बघितलं आणि जरा बाजूला झाले.

"वाळलास रे," धाकटा म्हणाला. "आईची तब्येत बरी दिसते. जिना चढून आली ना?"

"हो."

"बरं वाटलं तिला बघून. एवढ्या वर्षांनी." त्याने आवाज खाली आणला. "माझ्या मनात राग आहे, दादा. नाही म्हणणार नाही. पण तो आजचा आहे. माफीचा नाही. माफीचं तू मनाला लावून घेऊ नकोस. ते माझंच काम."

"म्हणजे?"

"तुला नाही बोलले ते? अर्ज गेल्यावर एक माणूस आला होता माझ्याकडे. चष्मेवाला, हळू बोलणारा. म्हणाला, दोघांना सोडलं तर लोक रस्त्यावर येतील. एकालाच सोडता येईल. कोणाला, ते तुम्ही भावाभावांनी ठरवा, आम्हाला वाईटपणा नको." धाकट्याने खांदे उडवले. बेड्या वाजल्या. "मी तुझं नाव सांगितलं. म्हटलं, आईला तूच लागशील. आणि म्हटलं, दादा बाहेर असला की मला बाहेर काढल्याशिवाय राहायचा नाही."

थोरल्याचा हात भिंतीवर गेला. भिंतीचा रंग ओलसर, चिकट होता. हळू बोलणारा तो माणूस त्याच्या कोठडीबाहेरही उभा राहिला होता. हाच प्रश्न त्याने अगदी ह्याच शब्दांत विचारला होता. स्वतःचं नाव सांगण्याआधी थोरल्याने विचार करायला वेळ मागून घेतला नव्हता.

"तुझ्याकडे आला होता का तो?" धाकट्याने विचारलं.

जिन्याशी उभ्या असलेल्या थोरलीने तेवढ्यात वळून इकडे पाहिलं.

"नाही," थोरला म्हणाला. "माझ्याकडे कोणी नाही आलं."

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ, असं थोरल्याला वाटलं. मग शिपायाने त्याच्या दंडाला धरलं.

"बरं झालं," धाकटा म्हणाला. "असलं विचारतात ना, त्याचा फार त्रास होतो रे."